खुलासा : ट्राबांटची बॉडी पुठ्ठ्याची नव्हती

जगातली सर्वांत भिकार गाडी कोणती, यावर नागपुरात बर्डीच्या चहाटपरीवर आमचा वाद रंगतो. त्यात सध्या एक मेसेज फिरतोय, पूर्व जर्मनीच्या ट्राबांटची बॉडी म्हणे पुठ्ठ्याची होती. साफ चूक. ती ड्युरोप्लास्टची होती : कापसाचे टाकाऊ तंतू आणि फिनॉलची राळ, उष्णता देऊन दाबलेली. हे पत्रे गंजत नसत. विदर्भातल्या माणसाने तरी कापसाला पुठ्ठा म्हणू नये!

नावं ठेवायची तर इंजिनाला ठेवा. जुन्या स्कूटरसारखं टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं, मागे निळा धूर. पेट्रोल किती उरलं, ते बहुतेकांना टाकीत पट्टी बुडवून बघावं लागे. तरीही १९५७ ते १९९१ दरम्यान सुमारे ३० लाख ट्राबांट बनल्या, आणि एका गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबले.