आतल्या खोलीचं दार म्हणे आपोआप लॉक होतं!

मंगळवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. "अगं, क्रूझवरची आपली खोली बदलून घेतली. सगळ्यात वरचा मजला, अगदी पुढच्या टोकाला. एजंटने माणशी साडेचार हजार जादा लावले, पण आईसाठी तेच बरं." मी विचारलं, ते कसं काय बरं? तर म्हणाली, "तू तो मेसेज वाचला नाहीस का?"

नव्हता वाचला. मग वाचला. भाऊजींच्या सोसायटीच्या ग्रुपवरून आलेला, वर फॉरवर्डचे दोन बाण, मथळा "पहिल्यांदा क्रूझला जाताय? एजंट कधीच सांगणार नाही अशा 7 गोष्टी". डिसेंबरात आम्ही सहा जण मुंबईहून लक्षद्वीपला जातोय. ताई, भाऊजी, त्यांची दोन मुलं, आई आणि मी. आईला बोट लागते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचं तरी ती लाँचमध्ये लिंबू हुंगत, डोळे मिटून बसते. अशा बाईला या मेसेजच्या भरवशावर जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, तेही सर्वात वर नेऊन ठेवायचं ठरलं होतं. त्यासाठी वर पैसेही मोजले होते.

आईची झोप उडवली ती तिसऱ्या मुद्द्याने, म्हणून तोच आधी घेते. मेसेज म्हणतो: "आतल्या खोल्यांना खिडकी नसल्याने तिथे ऑक्सिजन कमी पडतो. आग लागली किंवा पाणी शिरलं की या खोल्यांची दारं कंट्रोल रूममधून आपोआप लॉक करतात, बाकीचं जहाज वाचावं म्हणून."

म्हणजे चारशे-पाचशे माणसं कोंडून मारायची आणि वर आइस्क्रीमचा काउंटर वाचवायचा. हे लिहिणाऱ्याला काही वाटलं नाही, पुढे ढकलणाऱ्यांनाही नाही.

समुद्रावरच्या प्रवासी जहाजांच्या सुरक्षेसाठी 'सोलास' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. टायटॅनिक बुडाल्यावर 1914 साली त्याचा पहिला अवतार झाला, आज चालतो तो 1974 चा आणि त्यात वेळोवेळी भर पडत आली आहे. भारतही त्यात आहे. त्याच्या आगीविषयीच्या भागात तेरावा नियम सुटकेच्या वाटांचा. त्यात सरळ लिहिलंय की खोलीचं दार आतून उघडायला किल्ली लागता कामा नये, आणि सुटकेच्या वाटेवरचं कुठलंही दार बाहेर पडण्याच्या दिशेने किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे. याच नियमात आणखी एक गोष्ट आहे. धूर वर चढतो, माणूस खाली वाकून चालतो, म्हणून सुटकेची वाट दाखवणारे दिवे किंवा चमकणाऱ्या पट्ट्या जमिनीपासून 300 मिलिमीटरच्या आत हव्यात. म्हणजे फूटभर उंचीवर. अंधारात, धुरात रांगणाऱ्या माणसाला दिसाव्यात म्हणून इतका बारीक विचार करणारे लोक त्याच माणसाला खोलीत कोंडून घेतील?

अफवेत एक खरी गोष्ट अडकलेली आहे, ती नाइलाजाने मान्य करते. कप्तान जिथून जहाज चालवतो त्या ब्रिजवरून बंद करता येणारी दारं जहाजावर असतात. पण ती पाणी अडवणारी जाड पोलादी दारं, तळाच्या भागात, इंजिन आणि खलाशांच्या वाटांवर. वरच्या पॅसेजमधली आगीची दारंही धोक्याच्या वेळी आपोआप मिटतात. पण मिटणं आणि लॉक होणं यात फरक आहे. ढकललं की ती उघडतात. कुणीतरी कुठेतरी हे अर्धवट ऐकलं आणि आमच्या आईच्या खोलीला कुलूप घातलं.

ऑक्सिजनचं तर विचारूच नका. समुद्र दिसणाऱ्या खोलीची काचही उघडत नाही. बाल्कनी सोडली तर जहाजावर सगळ्यांना हवा यंत्रानेच मिळते, खिडकी असो वा नसो.

आतली खोली घुसमटवते असं कुणी म्हणालं तर मात्र मी वाद घालणार नाही. दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही, आणि जाग आल्यावर पहाटेचे पाच की दुपारचे बारा ते घड्याळ पाहिल्याशिवाय कळत नाही. लहान मूल अंधाराला घाबरत असेल तर एक छोटा दिवा बरोबर घ्या किंवा खिडकीची खोली घ्या. पण त्यात मरण्यासारखं काही नाही.

आता पहिला मुद्दा, जो आमच्या साडेचार हजारांना कारण झाला: "बोट लागत असेल तर सर्वात वरची आणि पुढची खोली घ्या, मोकळी हवा लागते." नेमकं उलटं! एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्या कुणालाही हे सांगावं लागू नये. जहाज लाटेवर पुढून-मागून झुलतं तेव्हा टोकं सर्वात जास्त वर-खाली होतात, मधला भाग सर्वात कमी. कडेवर कलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुलतात. वाऱ्यात माडाचा शेंडा हलतो तितका बुंधा हलतो का? म्हणून बोट लागणाऱ्याने खोली घ्यावी ती लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर. बऱ्याच क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही कडांना पंख असतात, ते कडेवरचं कलणं कमी करतात. पुढून-मागून झुलणं त्यांच्या हातात नाही, म्हणून नाळेवरच्या खोलीचं वर-खाली होणं ते थांबवत नाहीत. मोकळी हवा हवी तर डेकवर जा, क्षितिजाकडे बघत उभे राहा. झोपायला तिथे जायची गरज नाही.

नाळेवरच्या खोलीची दुसरी गंमत लक्षद्वीपला कळते. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकतं आणि माणसं छोट्या बोटींनी बेटावर जातात. नांगराची साखळी सुटते ती पुढच्या टोकातून. सकाळी सहाला भंगाराचा ट्रक उशाशी रिकामा व्हावा तसा आवाज. आईला उठवायला गजर लावायची गरज पडली नसती.

दुसरा मुद्दा असा की "बुडताना खालचे मजले आधी भरतात, टायटॅनिकमध्ये खालचेच गेले". टायटॅनिकवर तिसऱ्या वर्गाचे लोक जास्त मेले, हे खरं. पण जीवरक्षक बोटी जवळपास निम्म्या माणसांनाच पुरतील इतक्या होत्या, हेही खरं, आणि सोलास जन्मला तो त्यातूनच. आज या बोटी गच्चीवर नसतात. सुरक्षिततेत बसेल तितक्या पाण्याच्या जवळ ठेवा असा नियम आहे, त्यामुळे बहुतेक जहाजांवर त्या मधल्या उंचीवर लटकलेल्या दिसतात. वरच्या मजल्यावरच्या माणसाला जिन्याने खालीच उतरायचं असतं, लिफ्ट वापरायची नसते. गुडघे दुखणाऱ्या आईला आठ जिने उतरवायचे, ते सुरक्षिततेसाठी?

आईच्या भीतीला मात्र मी हसत नाही. तिचं आजोळ अलिबागकडचं. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या बाजूच्या घराघरांत ते नाव अजून हळू आवाजात घेतात. तिला 'बोट बुडते' हे मेसेजने शिकवायची गरज नाही. उलट निघण्याच्या दिवशी होणारं सुरक्षा प्रात्यक्षिक तिला दाखवा, लाइफ जॅकेट घालून दाखवा, सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला की कुठे जमायचं ते सांगा. कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ बोट 2012 साली इटलीजवळ कलंडली तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचं ते प्रात्यक्षिक झालंच नव्हतं. आता ते जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी करावंच लागतं. मेसेजच्या सात मुद्द्यांत याचा उल्लेख नाही.

बाकीचे झरझर. "डावीकडची खोली घ्या, कोकण किनारा दिसतो." जाताना किनारा डावीकडे असतो खरा, पण जहाज निघतं संध्याकाळी, चालतं किनाऱ्यापासून लांबून. रात्री काळोख दिसेल, तो उजवीकडूनही तसाच दिसतो. "बाल्कनीतून मुलं पडतात." कठडा मोठ्यांच्या छातीच्या थोडा खाली येतो, अमेरिकी कायद्यात तर 42 इंचांची अट आहे. मुलं कठड्यावरून नाही, कठड्याजवळ ओढलेल्या खुर्चीवरून पडतात. खुर्ची आत ठेवा. "खोली नंबर निवडू नका, फुकट अपग्रेड मिळतं." कधी मिळतही असेल. पण दोन खोल्या घेणाऱ्या कुटुंबाला एक तिसऱ्या मजल्यावर आणि एक नवव्यावर मिळाली तर आईला औषध द्यायला मी रात्री दोनला लिफ्टने फिरू? आम्हाला नंबर हवेत, शेजारशेजारचे.

सातवा मुद्दा, "एका खोलीत चौघे आरामात मावतात", हा ज्याने लिहिला त्याने एक बाथरूम, चार माणसं आणि सकाळी आठचा नाश्ता हे गणित केलेलं नाही. वरचे दोन बर्थ छतातून खाली येतात, शिडी लावून चढायचं. मुलांना मजा, मोठ्यांना नाही.

काल एजंटला फोन करून मधल्या भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या दोन खोल्या मिळवल्या. वर कुठला मजला येतो तेही नकाशावर पाहून घेतलं. वर नाचाचा हॉल किंवा बुफे असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज डोक्यावर येतो. साडेचार हजारांपैकी तीन परत मिळतील म्हणाला, बाकीचे 'बदलाचे'. आईने फक्त विचारलं, खिडकी उघडते का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग लिंबं दोन डझन घे. ताईची मुलं मात्र आतापासूनच वरच्या बर्थवरून भांडतायत, आणि त्यावर अजून एकही मेसेज आलेला नाही.