फ्रेम सुंदर आहे, पण सम कुठाय?

काल कट्ट्यावर वाद पेटला तो सुहासमुळे. आदल्या रात्री पाहिलेला चित्रपट त्याच्या डोक्यातून जात नव्हता. "एकेक फ्रेम भिंतीवर लावावी अशी! पण हरवलेल्या बहिणीचा शोध सुरू होतो आणि तासाभरानं तिचं नावसुद्धा कुणी घेत नाही. नुसतं धुकं, आरसे, लाल पडदे."

"गोष्ट सांगायलाच हवी असं कुणी ठरवलं?" मीनल म्हणाली. "राग ऐकताना विचारतोस का, पुढे काय झालं?"

"नाही विचारत. पण गाणारा समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो की नाही ते कळतं मला."

मला हे फार पटलं. मी दिग्दर्शक मणी कौलांच्या 'उसकी रोटी'चं (१९६९) उदाहरण दिलं. कथा एवढीशी: नवरा बस चालवतो, बायको रोटी घेऊन रस्त्याकडेला त्याची वाट पाहते. कौलांनी कॅमेऱ्याला २८ आणि १३५ मिलिमीटर अशी दोन भिंगं वापरली. सुरुवातीला एक प्रत्यक्षासाठी, दुसरं तिच्या मनातल्यासाठी; पुढे हा भेद पुसट होत जातो. आपण पाहतोय ते घडतंय की तिला वाटतंय, हे कळेनासं होतं. वाट पाहून थकलेल्या माणसाचं असंच होतं ना? तिथे दिसण्यालाच अर्थ आहे.

"कंटाळा येतो पण," अभि म्हणाला. येतो, मान्य. मलाही पहिल्यांदा आला होता.

मग मीनलनं सोव्हिएत दिग्दर्शक पाराजानोव काढला. 'द कलर ऑफ पोमेग्रेनेट्स', तोही १९६९चाच. सायात-नोव्हा या कवीचं आयुष्य, पण सांगितलेलं जवळजवळ काहीच नाही. पांढऱ्या कापडावर डाळिंबांचा लाल रस पसरत जातो. भिजलेले ग्रंथ छपरावर वाळत घातलेत, वाऱ्यानं पानं फडफडताहेत आणि त्यांच्या मधोमध एक लहान मुलगा. तरुण कवी आणि त्याची प्रेयसी, दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीच्या.

"यात कुठली गोष्ट आहे, सांग!"

मी माझी कसोटी सांगितली. दोन दृश्यांची अदलाबदल करून पाहायची. काहीच बिघडलं नाही, तर तो चित्रपट नाही, फोटोंचा अल्बम आहे.

"मग तुझी कसोटी इथेच पडली," मीनल ताडकन म्हणाली. "हा चित्रपट दुसऱ्या दिग्दर्शकानं, युत्केविचनं, पुन्हा संकलित केला. ती आवृत्तीही लोकांनी डोक्यावर घेतली."

मी गप्प झालो. उत्तर सुहासनं दिलं, तेही सावकाश. "क्रम बदलला, पण माणूस तोच राहिला ना? बालपण, प्रेम, मठ, मरण. त्या मुलाला पुस्तकांमध्ये पाहिलंय म्हणून पुढे त्याचं कवी होणं खरं वाटतं. माझ्या कालच्या चित्रपटातला आरसा कुणाचाच नव्हता."

मीनलला हे अर्धंच पटलं. "कुणाचा नसलेला आरसाही सुंदर असू शकतो."

"असू दे," सुहास म्हणाला. "मग त्या दिग्दर्शकानं बहिणीला हाक कशाला मारायला लावली मला?"

मला राग त्या हाकेचाच येतो. पाराजानोव पहिल्या मिनिटाला सांगून टाकतो की इथे फक्त पाहायचंय. ज्याला गोष्ट नको, त्यानं ती सुरू करू नये. मीनल म्हणते, ही अट दिग्दर्शकावर का? अभिनं घड्याळ दाखवलं, तरी ती उठायला तयार नव्हती.