एफ५ला विश्रांती द्या

अजूनही फाइल सेव्ह करून, ब्राउझरवर जाऊन, पान ताजं करायला स्वतःच्या बोटानं एफ५ दाबता? शिव शिव! पाट्यावर वाटणाऱ्या आजीला निदान चटणीची चव तरी मिळायची. तुम्हाला काय मिळतं?

समजा, क्लायंटनं सकाळी दहाला सांगितलंय की बटण निळ्याचं हिरवं करा. एखादा अडाणी ते पाच मिनिटांत उरकून चहाला जाईल. तुम्ही आधी लाइव्ह रिलोड बसवा.

तत्त्व अगदी सोपं आहे. एक पहारेकरी प्रोग्रॅम तुमच्या फाइलींवर नजर ठेवतो. काही बदललं की वेबसॉकेटवरून, म्हणजे ब्राउझरशी सतत उघड्या ठेवलेल्या जोडणीवरून, त्याला हाक मारतो. पानात आधीच घुसवलेली छोटी स्क्रिप्ट ती हाक ऐकते आणि पान पुन्हा उघडते. फक्त सीएसएस, म्हणजे पानाचं रंगरूप सांगणारा कोड, बदललं असेल, तर पान न हलवता नुसती स्टाइलशीट बदलते. पण एवढ्यावर भागवून कुणाचं प्रमोशन झालंय?

तेव्हा सुरुवात करा ती चालू असलेलं मोडण्यापासून. प्रोजेक्टमध्ये असली पहाऱ्याची कामं उरकणारं गल्प आहे आणि बिनतक्रार चालतंय, हेच मुळात संशयास्पद. २०१३ साली आलेलं साधन आज कुणाला दाखवणार? ते काढा आणि त्याच कामाचं, २०२० साली आलेलं वीट (Vite) घाला. हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ ‘झटपट’. मराठीतला अर्थ दुपारपर्यंत आपोआप कळतो. तोवर कमरेवर हात ठेवून टर्मिनलसमोर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीसमोर, उभे राहा.

वीट तुमचं पान तुमच्याच संगणकाच्या ५१७३ पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या दारावर, उघडतं. तिथं आधीच दुसरं काही चालू असेल, तर वाद न घालता ५१७४वर सरकतं आणि तसं टर्मिनलमध्ये लिहितंही. तुम्ही टर्मिनल वाचायचं नाही. ५१७३वर गेल्या महिन्यातल्या भलत्याच प्रोजेक्टचं पान उघडं असेल, त्याकडे बघत ‘रंग का बदलत नाही?’ म्हणून अर्धा तास घालवायचा.

आता पहारा. कुठल्या फोल्डरवर नजर ठेवायची? अहो, सगळ्या! इतरांचा आयता कोड ठेवलेला नोड मॉड्यूल्ससुद्धा, तिथल्या हजारो फाइलींपैकी एखादी उद्या स्वतःहून बदलली तर? बिल्डचा, म्हणजे तुमच्या कोडपासून तयार केलेल्या फाइलींचा, माल जिथं पडतो तो फोल्डरही सोडू नका. म्हणजे बिल्ड झाला की फाइल बदलेल, फाइल बदलली की बिल्ड होईल, आणि लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा गरगरेल. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटेल, काय काम चाललंय!

लिनक्सवर असाल तर एव्हाना ‘ईएनओएसपीसी’ नावाची एरर आली असेल. नावाचा अर्थ जागा संपली. लगेच डिस्क साफ करायला घ्या, बारशाचे फोटो उडवा. डिस्कवर भरपूर जागा असते. संपलेली असते ती पहाऱ्यांची संख्या. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मर्यादा अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं ८,१९२ होती, आणि ती एका ओळीत वाढवता येते. पण फोटो उडवून झाल्यावरच हे वाचायचं असतं.

विंडोजवाल्यांची सोय निराळी. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवा आणि सर्व्हर डब्ल्यूएसएल २मध्ये, म्हणजे विंडोजच्या पोटातल्या लिनक्समध्ये, चालवा. तुम्ही इकडे सेव्ह करत राहाल, तिकडच्या पहारेकऱ्याला गंधवार्ताही नसेल. प्रोजेक्ट लिनक्सच्या बाजूला हलवला तर प्रश्न मिटतो, म्हणून तो हलवू नका. पोलिंग चालू करा. मग पहारेकरी खबरीची वाट न बघता दर क्षणाला उठून एकेका फाइलीला विचारेल, ‘बदललीस का गं?’ प्रोसेसर तापेल. पावसाळ्यात बरं असतं.

एवढं करून ते चालू झालंच, तर एडिटरमध्ये ऑटोसेव्ह लावा. पाच पायऱ्यांच्या फॉर्मची चौथी पायरी भरून झाली की कोडमध्ये एक स्वल्पविराम टाका. पान ताजंतवानं होऊन पहिल्या पायरीवर येईल. भरलेली माहिती राखून नुसता बदललेला तुकडा बसवण्याची युक्तीही असते, आणि ती (खरं सांगतो) फार गोड लागते. इतकी, की जुन्या माहितीवर तासभर सुरळीत चाललेलं पान खऱ्या एफ५नं कोसळतं. म्हणून एफ५ दाबायचाच नाही. कीबोर्डवरून ते बटण उपटूनच टाकलं तर उत्तम.

संध्याकाळी साडेसहाला रंगाची एक ओळ बदला. बटण डोळ्यांदेखत, पापणी लवायच्या आत हिरवं होईल. सहकाऱ्यांना बोलावून दाखवा. परत निळं करा, परत हिरवं करा. मग ते सर्व्हरवर चढवा आणि क्लायंटला फोन लावा.

“अहो, इथं अजून निळंच दिसतंय,” ते म्हणतील.

“साहेब, एकदा जरा कंट्रोल धरून एफ५ दाबता का?”