डिरेक्टरीत नाव नाही, म्हणून पब नव्हता?

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की, इंग्लंडमधल्या खेड्यातल्या बंद पबचा इतिहास काढायला केलीची डिरेक्टरी (गावोगावच्या रहिवाशांची आणि धंद्यांची छापील यादी) आणि जनगणना पुरे. परवान्यांचे कागद उपसायला लावणं हा उगाच ताप. शिवाय 1850च्या आसपासच्या डिरेक्टरीत नाव नसेल, तर पब तेव्हा नव्हताच.

हा शेवटचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. 1830च्या बिअरहाउस कायद्याने कर भरणाऱ्या कुणाही कुटुंबप्रमुखाला वर्षाला दोन गिनींत बिअर विकायची मुभा मिळाली. मॅजिस्ट्रेटकडे जायची गरजच नव्हती. डिरेक्टरीत असा माणूस नुसता 'बिअर विक्रेता' म्हणून येतो, पाटीवरचं नाव येत नाही. तोच लोहार किंवा सुतारही असेल, तर जनगणनेत कधीकधी तेवढाच धंदा लिहिलेला असतो. हे परवाने 1869मध्ये पुन्हा मॅजिस्ट्रेटांकडे गेले आणि 1872पासून नोंदवह्या ठेवणं सक्तीचं झालं. त्याआधीची जामीनपत्रं (पब नीट चालवण्याची चालकाने दिलेली लेखी हमी) 1753 ते 1828 या काळातली, तीही काही काउंट्यांतच टिकली. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत पब हरवतो तो इथेच.

ही फट भरायला टाइद नकाशा, म्हणजे चर्चला द्यायच्या दशमांश कराच्या आकारणीसाठी काढलेला गावाचा नकाशा, घ्या. 1836च्या कायद्यानंतर बहुतेक गावांचे नकाशे झाले. तुमच्या इमारतीवरचा क्रमांक सोबतच्या तक्त्यात शोधा: मालक, वहिवाटदार, जागेचं वर्णन. मग तो वहिवाटदार 1841 आणि 1851च्या जनगणनेत शेजाऱ्यांसकट जुळवा. 1841मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत, तेव्हा वय जुळलं नाही म्हणून माणूस सोडू नका.

पाटीच्या नावामागे मात्र जाऊ नका. परवाना रस्त्यापलीकडच्या नव्या घरात हलवला की नावही तिकडे जातं आणि दोन इमारतींचा इतिहास एक होऊन बसतो. जागा पक्की करायला 1910च्या सुमाराची जमीन-मूल्यांकनाची वही लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहा. आधी त्या मूल्यांकनाच्या नकाशावर मालमत्तेचा क्रमांक शोधावा लागतो, मग वहीत मालक सापडतो. मालक ब्रुअरी (बिअर बनवणारी कंपनी) निघाली, तर तिची खरेदीखतं काउंटीच्या अभिलेखागारात आहेत का, ते विचारा.

आणि पब 1904नंतरच्या दशकांत बंद झाला असेल, तर नुकसानभरपाईच्या फायली आधी मागवा. त्या वर्षीच्या कायद्याने, गरजेपेक्षा जास्त ठरलेले जुने परवाने भरपाई देऊन रद्द करता येऊ लागले. पैसा चालू पबांवरच्या आकारणीतून येई. बंद का झाला आणि कुणाला किती मिळाले, हे या फायलींत सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. डिरेक्टरीत ते कधीच सापडणार नाही.