क्रिस्पर म्हणजे कट-पेस्ट नव्हे

“क्रिस्पर म्हणजे कॉम्प्युटरवरचं कट-पेस्ट. हवं तिथे कापलं, हवं ते जनुक बसवलं. एकच प्रत बसली की ते घरच्या जनुकासारखं चालतं.” जनुकसंपादनाच्या या तंत्राबद्दल हे विधान हल्ली सर्रास फिरतं. सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीला विचारलं, तर त्यातलं फारसं काही टिकत नाही.

‘कापलं’ खरं, पण ‘बसवलं’ नाही. कॅस-९, म्हणजे क्रिस्परमधलं कात्रीसारखं प्रथिन, फक्त कापतं. जोडणारी पेशी असते, आणि अनेकदा ती तुटलेली टोकं एकमेकांना भिडवून मोकळी होते. दुरुस्ती करताना तिने आपण दिलेला डीएनएचा साचा उचलला, तरच नवं जनुक आत जातं. लांब तुकड्यांबाबत हे क्वचितच घडतं. म्हणून खरा वेळ शोधण्यात जातो. त्यासाठी अन्क-११९ जनुक बिघडलेले, धड सरपटू न शकणारे कृमी घेतात आणि नव्या तुकड्यासोबत ते जनुक दुरुस्त स्वरूपात देतात. मग प्लेटवर नीट सरपटणारा दिसला की त्याला उचलायचं.

हे क्रिस्परमुळेच शक्य झालं, हेही खरं नाही. एकच प्रत ठरलेल्या जागी बसवण्याची पद्धत २००८ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तिच्यात छेद देणारा होता मॉस-१, म्हणजे मॉरिशसच्या फळमाशीतला उड्या मारणारा डीएनए. कृमींमध्ये क्रिस्पर आलं ते २०१३ मध्ये.

त्या विधानातला सर्वांत घातक भाग शेवटचा, एका प्रतीचा. मुळात एकाच प्रतीचा अट्टाहास कशासाठी? नुसतं प्लाझ्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं, टोचलं तर गुणसूत्राबाहेर शेकडो प्रतींची माळ तयार होते. ती काही पिलांत पोचतच नाही, आणि असा पुनरावृत्त डीएनए जननपेशी गप्प करतात, म्हणजे बंद पाडतात. एका प्रतीने हा त्रास बराच टळतो, पण संपत नाही. २०१२ मध्ये दिसलं, की चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक असलेला तोच डीएनए त्याच जागी एका वंशात चमकतो आणि दुसऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहतो. कृमीचे पायआरएनए, म्हणजे जननपेशींतले २१ अक्षरी छोटे आरएनए, परका मजकूर ओळखतात, अक्षरं तंतोतंत जुळली नाहीत तरीही. पुढे इंट्रॉनमध्ये, म्हणजे जनुकातल्या प्रथिन न घडवणाऱ्या भागात, ए आणि टी या डीएनएच्या अक्षरांचे ठरावीक अंतराने येणारे पुंजके घातल्यावर जनुक गप्प होण्यापासून बरंच वाचतं, हेही कळलं.

‘कट-पेस्ट’वर विश्वास ठेवणारा विद्यार्थी अशा वेळी स्वतःच्या हाताला दोष देतो, आणि याचंच मला वाईट वाटतं. तुकडा बसला का हे तपासणाऱ्या पीसीआर चाचणीची पट्टी बरोबर असते, डीएनएचा क्रमही बरोबर असतो. तरी जननग्रंथीत चमक आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली, आणि काही पिढ्यांनंतर पुन्हा, पाहावंच लागतं.