लाउझी टी-शर्ट

भाचा सहलीवरून आला आणि त्याने माझ्यासाठी टी-शर्ट आणला. छातीवर ठसठशीत इंग्रजी मजकूर: आमची माणसं फिरून आली आणि मला मिळाला काय, तर हा ‘लाउझी’ टी-शर्ट! शब्द अडला होता, पण भाच्यासमोर अडाणी कशाला दिसा, म्हणून मी जोरात म्हणालो, “वा, अगदी खरं आहे!” तो जरा गोरामोरा झाला. तिथेच शंका यायला हवी होती.

रात्री जुना शब्दकोश काढला. पहिलाच अर्थ: उवा झालेला.

खालचे अर्थ वाचायला हवे होते, मान्य. पण हा अर्थ वाचल्यावर दोन्ही हात डोक्यात जातात, पुढे बोट फिरवायचं कुणी? आधी उजव्या कानामागे वळवळलं, मग मानेवर. “काय झालं?” बायकोने विचारलं. मी “उवा” म्हणालो मात्र, तिनेही केस सोडले. खरी ऊ बिचारी साधी असते. तिला पंख नसतात, उडी मारता येत नाही, ती आपली चालत येते. ही कोशातली मात्र थेट कानातून शिरली.

अंगावरच्या उवा कपड्यांच्या शिवणीत दडतात, हे ठाऊक होतं. शर्ट उकळत्या पाण्यात बुडवला, वाळवला, शिवणी-शिवणीवरून कडक इस्त्री फिरवली.

सकाळी भाच्याला हळूच विचारलं. “अहो मामा, लाउझी म्हणजे भिकार, टुकार! गंमत आहे ती!”

म्हणजे त्याच्या भेटीला मी तोंडावर ‘भिकार, अगदी खरं’ म्हणालो होतो.

मग मात्र कोश नीट वाचला. लाउस म्हणजे ऊ, तिच्यापासून लाउझी. मूळ शब्दात ‘स’, विशेषणात ‘झ’. शब्द 14व्या शतकापासूनचा; उवा गेल्या, शिवी उरली. सिनेमा लाउझी, पगार लाउझी, हवाही लाउझी. अंगात कसकस असेल किंवा कुणाला टाकून बोलल्याची रुखरुख असेल, तरी माणसाला ‘लाउझी’ वाटतं. (मला त्या क्षणी दुसऱ्या प्रकारचं वाटत होतं.) कहर म्हणजे ‘लाउझी विथ मनी’: पैशांनी नुसता बुजबुजलेला! हा प्रकार आपल्याला व्हायला माझी ना नाही. फक्त हे सगळं बोलण्यातलं. रजेच्या अर्जात घालू नये. आणि नुसती खुसपटं काढत बसणं म्हणजे ‘निटपिकिंग’, शब्दशः लिखा वेचणं. इंग्रजांच्या भाषेला फणीच लावायला हवी.

शर्टाची शुद्धी पार पडली होती. तो आटला, रंग गेला, मजकूरही उडाला. उरला एकच शब्द, ‘लाउझी’. भाच्याचं मन राखायला तो घालून आरशासमोर उभा राहिलो आणि सवयीने डोकं खाजवलं.

“हे आता शर्टाबद्दल आहे,” बायकोने विचारलं, “की तुमच्याबद्दल?”