करुणेचा परदेश दौरा : इच्छुकांसाठी सूचना

पंचशील घेऊन झालं आहे, रोज सकाळी आनापान, म्हणजे श्वासावरचं ध्यान, होतं (गजर बंद करण्यात गेलेली मिनिटं धरून), पौर्णिमेला सुटी आली तर उपोसथाचं व्रतही होतं. इतकी तयारी झालेल्या माणसाला परदेशात जाऊन स्वयंसेवा करावीशी वाटणं अगदी साहजिक आहे. तुमचं अभिनंदन. एकच पथ्य पाळा : देश आधी ठरवा, दुःख मागाहून. उलट्या क्रमाने गेलात तर भलत्याच जागी जाऊन पडाल, जिथे ना डोंगर ना समुद्र. दुःख आहे हे तर बुद्धांनी सांगितलेलं पहिलंच आर्यसत्य, तेव्हा किनाऱ्यावरचा एखादा छानसा देश निवडलात तरी तिथे ते मिळणारच.

यावर कोणीतरी शहाणा विचारेलच, की शेजारच्या आजोबांना दवाखान्यात न्यायला माणूस मिळत नाही, त्याचं काय? त्याला सांगा, त्याचं प्रमाणपत्र मिळत नाही. तो विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, गोष्टही काढेल. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला आहे. बुद्ध पाणी ओततात, त्यांचा शिष्य आनंद त्याला धुतो, मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून दोघे त्याला उचलून खाटेवर ठेवतात. बाकीच्या भिक्खूंना विचारलं, याच्याकडे कोणी का पाहिलं नाही? तर उत्तर आलं, हा आमच्या काही कामाला येत नाही. तेव्हा बुद्ध म्हणाले, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. गोष्ट चांगलीच आहे, पण अर्जात घालू नका. आजारी माणूस त्याच विहारात होता. ना व्हिसा, ना विमान, ना फोटो. अशा अनुभवाला निवड समिती किती गुण देणार?

अर्जातल्या ‘तुम्हाला काय येतं?’ या रकान्याने पुष्कळांचे पाय लटपटतात. तुम्ही बिनधास्त ‘करुणा’ लिहा. नर्सिंग, पाण्याची पाइपलाइन, हिशेब, तिथली भाषा असल्या गोष्टी ज्यांच्याकडे करुणा कमी असते त्यांना लागतात. तिथे तुम्हाला शाळेची भिंत बांधायला दिली आणि आयुष्यात थापी हातात धरलेली नसली, तरी मागे हटू नका. भिंत वाकडी आली तर अनित्यतेचं चिंतन आपोआप घडेल. तुमच्यामुळे रोजगार बुडालेला गावचा गवंडी बाजूला बसून बघत असेल, तर त्याच्याही वैराग्याला तेवढाच हातभार.

अनाथाश्रमाला मात्र पहिली पसंती द्या. मुलं लगेच गळ्यात पडतात आणि फोटोही उत्तम येतात. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा निवासी संस्था १५४ वरून २६९ झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी, जिवंत होते. मग अनाथ वाढले नसताना आश्रम कसे वाढले? ‘हे असलं की ते होतं’ हे प्रतीत्यसमुत्पादाचं सूत्र तुम्हाला पाठ आहे. ते इथे लावून पाहिलंत, तर पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून आश्रम निघतात, आश्रम निघाले म्हणून शिक्षणाच्या आमिषाने गरिबांच्या घरातून मुलं आणली जातात, आणि त्या साखळीची एक कडी तिकीट काढून निघालेली दिसते. तेव्हा लावू नका. सूत्र पाठांतरापुरतं ठेवा. मुलांना दर पंधरवड्याला नव्या ताई-दादाचा लळा लागतो आणि तो दर पंधरवड्याला तुटतो, हा हिशेब तर अजिबात मांडू नका. आसक्तीतून दुःख कसं उपजतं, याचं प्रात्यक्षिक त्यांना इतक्या लहान वयात फुकट मिळतं आहे.

शीलांची थोडी ओढाताण होईल. डासांपाशी पहिलं, जीव न मारण्याचं शील अडतं. खोलीतली उदबत्ती दुसऱ्या कोणाला तरी लावू द्या. यजमानांनी आग्रहाने पुढे केलेल्या पेल्यापाशी पाचवं, मद्य न घेण्याचं. चौथं, खोटं न बोलण्याचं, अडतं ते विमानतळावर. बिनपगारी काम हेही कामच, आणि ते पर्यटक व्हिसावर करणं पुष्कळ देशांत बेकायदा आहे. अधिकारी विचारतो, ‘कशासाठी आलात?’ तुम्ही म्हणता, ‘फिरायला.’ मुसावाद (खोटं बोलणं) झाला म्हणून खंत करू नका. संसारात फिरतच तर आहोत.

आणि बुद्धांचा शिष्य पुण्ण याची गोष्ट कोणी काढली तर चहाच्या निमित्ताने उठा. पुण्ण सुनापरान्त देशाला निघाला तेव्हा बुद्धांनी त्याची जी मुलाखत घेतली, तशी आज कोणी घेत नाही हे आपलं भाग्य. ‘तिथली माणसं तामसी आहेत, शिव्या देतील, मग?’ ‘हातांनी मारत नाहीत, म्हणजे भलीच आहेत, असं म्हणेन.’ ‘हातांनी मारलं तर?’ ‘ढेकळं तर मारत नाहीत.’ ढेकळांवरून काठी, काठीवरून शस्त्र, आणि शस्त्रावरून थेट जीव घेण्यापर्यंत प्रश्न गेले, पण गड्याच्या उत्तराची चाल काही बदलली नाही. तेव्हा कुठे बुद्ध म्हणाले, जा. त्याच वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, ५०० उपासक आणि ५०० उपासिका त्याने धम्माला लावल्या.

तुम्हाला विचारायचंच झालं, तर प्रश्न वायफायपासून सुरू करावे लागतील. नसलं तर? ‘निदान गरम पाणी आहे.’ तेही नसलं तर? ‘निदान स्वतंत्र खोली आहे.’ इथवर तुम्ही धीराने याल. पण ‘तुम्ही आला नसतात तरी इथलं काही अडलं नसतं’ असं कोणी शांतपणे म्हणालं तर? माझ्या मते हा प्रश्न काठीपेक्षा अवघड आहे, आणि पुण्णालासुद्धा तो कोणी विचारला नव्हता.

‘चरथ भिक्खवे चारिकं’ (भिक्खूंनो, फिरत राहा) हे बुद्धांचं वचन मात्र ठिकठिकाणी वापरा, निरोप समारंभात तर हमखास. फक्त पुढची ओळ वाचू नका. दोघांनी एका वाटेने जाऊ नका असं तिथे आहे, आणि तुमच्या ग्रुपला तर सामुदायिक सवलत मिळाली आहे. ज्या ६० जणांना हे सांगितलं ते सगळे अरहंत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले होते, म्हणजे स्वतःला शोधायला बाहेर पडण्याची गरज त्यांच्यापैकी एकालाही उरली नव्हती, हा तपशीलही समारंभात कशाला?

तैवानमधल्या चेंग येन या भिक्खुणीचं उदाहरण तर कानावरही पडू देऊ नका. १९६६ साली त्यांनी ३० गृहिणींना बांबूची नळकांडी दिली आणि बाजारखर्चातले ५० सेंट रोज त्यात टाकायला सांगितले. महिन्याचे एकदम टाकले तर चालणार नाहीत. देण्याचा विचार रोज मनात यायला हवा, अशी अट. त्यातून उभी राहिलेली त्झू ची संस्था आज कितीतरी देशांत आपत्तीच्या वेळी धावून जाते. पण मार्ग केवढा वेळखाऊ बघा. आधी वर्षानुवर्षं आपल्याच बाजारात जायचं, आणि परदेश कधी?

तिकडे पोचल्यावर आठ-दहा दिवसांत कंटाळा येईल. त्याला उपेक्षा (बौद्ध अर्थाने समभाव) म्हणायचं, म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता यांच्या पुढच्या चौथ्या ब्रह्मविहारापर्यंत मजल गेल्यासारखं वाटतं. अज्ञानातली बेफिकिरी ही उपेक्षेची जवळची शत्रू, ती हुबेहूब उपेक्षेसारखी दिसते, असं बौद्ध भाष्यकार बुद्धघोष ५व्या शतकात लिहून गेले. पण ते कधी स्वयंसेवेला गेले नव्हते.

निघायच्या दिवशी मिळालेलं सगळं पुण्य सर्व प्राणिमात्रांना वाटून टाका, यात कंजुषी नको. अनुभवाचा दाखला तेवढा स्वतःच्या नावावर घ्या, आणि शिक्का बसण्याआधी नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहिलंय ना, हे तपासून घ्या. पुढच्या वर्षीच्या अर्जाला तो जोडावा लागतो.